लिपस्टिकनं लिहिलेला शब्द

शेजारणीनं माझा युनिफॉर्म मागितला तेव्हा मला खरं तर आनंदच झाला होता.

त्र्याऐंशी साल. मिशिगनमध्ये, ट्रॉयला येऊन आम्हाला तीन वर्षं झाली होती. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होता. मी मिरजेला नर्सिंग शिकलेली. इथली परवान्याची परीक्षा दुसऱ्या खेपेला पास होऊन हॉस्पिटलच्या सर्जिकल वॉर्डवर लागले होते. सकाळी सात ते साडेतीनची ड्युटी. पांढरा युनिफॉर्म, पांढरे बूट, डोक्यावर टोपी.

शेजारीण माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. तिनंच मला ड्रायव्हिंग शिकवलं होतं. नवऱ्याकडून शिकायला लागले तर रोज भांडणं व्हायची, म्हणून एका रविवारी ती आपणहून म्हणाली, "त्याला घरी ठेव, तू माझ्याबरोबर चल." रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये तिनं मला महिनाभर फिरवलं आणि एकदाही आवाज चढवला नाही. असं माणूस काही मागतंय म्हटल्यावर नाही कोण म्हणेल?

"या वर्षी आमच्याकडे मोठ्यांची हॅलोविन पार्टी आहे," ती म्हणाली. "शनिवारी, बेसमेंटमध्ये. सगळ्यांनी वेश करून यायचं. मी नर्स होणार आहे. तुझा एखादा जुना युनिफॉर्म देशील?"

तोवर हॅलोविन म्हणजे माझ्या लेखी दारात चॉकलेटांचा वाडगा घेऊन उभं राहायचं आणि भूत झालेल्या पोरांना घाबरल्यासारखं करायचं, एवढंच होतं. मोठी माणसंही असलं काही करतात हे नवीन होतं. पण मला वाटलं, आपल्या शाळेतल्या फॅन्सी ड्रेससारखंच असणार. कुणी सैनिक होतं, कुणी डॉक्टर. आणि हिला नर्स व्हावंसं वाटलं! मी नर्सिंगला जायचं ठरवलं तेव्हा माझी आत्या अख्ख्या घरासमोर म्हणाली होती, "परक्या पुरुषांची अंगं पुसायला जाणार का ही?" ते मी विसरले नव्हते. इथं एक गोरी, घरंदाज बाई हौसेनं नर्स व्हायला निघाली होती.

मी कपाटातला त्यातल्या त्यात चांगला युनिफॉर्म काढला. भाताच्या पेजेत बुडवून टोपीला कडक खळ दिली, दोन्हीला इस्त्री केली. टोपी कशी बसवायची, पिना कुठे लावायच्या, हेसुद्धा तिला आरशासमोर बसवून दाखवलं. "तुझ्यासारखी सरळ बसत नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, "सवय लागते."

शनिवारी संध्याकाळी मी नऊवारी नेसले, नथ घातली. नवऱ्यानं लग्नातला फेटा बांधला. दोन हिरवळी ओलांडून आम्ही त्यांच्या बेसमेंटमध्ये गेलो.

पायऱ्या उतरता उतरताच मी बावरले. बाहेर दहिवर गोठेल इतकी थंडी होती, आणि आत बायकांच्या अंगावर धड कापड नव्हतं. एक मांजर झाली होती, म्हणजे काळा पोहण्याचा पोशाख आणि मागे शेपटी. एक मोलकरीण झाली होती, तिचा झगा मांड्यांच्या वरच संपत होता. त्या दोघींना मी ओळखत होते, एक तर बँकेत काउंटरवर बसायची. पुरुष मात्र सगळे नखशिखांत झाकलेले. एक समुद्री चाचा, लांब कोट आणि गमबूट. एक बुजगावणं, त्याच्या बाह्यांतून गवत बाहेर आलेलं. यजमान पाद्री झाला होता, पायघोळ काळ्या झग्यात. मोलकरणीच्या दंडावर काटा आलेला मला दिसत होता. ती हसत होती आणि दंड चोळत होती.

मग शेजारीण खाली आली.

माझा युनिफॉर्म तिनं कापला होता. गुडघ्याखाली येणारा तो झगा, कात्रीनं, टीपही न मारता, पार वर. पुढची बटणं उघडी, आत लाल ब्रेसियर, पायात काळे जाळीदार मोजे. माझी खळ दिलेली टोपी एका कानावर कलती. ती तिनं मुद्दामच कलती केली होती, कारण सरळ कशी बसवायची ते मी तिला शिकवलं होतं. गळ्यात खेळण्यातला स्टेथोस्कोप. पाद्री झालेल्या तिच्या नवऱ्यानं शिट्टी मारली. पुरुषांनी लगेच खोकायला, कण्हायला सुरुवात केली. बुजगावणं सोफ्यावर आडवं पडलं आणि म्हणालं, "नर्स, माझा ताप बघ." ती त्याच्यावर वाकली. सगळे हसले.

माझ्या हातात सरबताचा ग्लास होता. मला काय होतंय तेच कळेना. कुणीतरी भर रस्त्यात आपल्याला नाव घेऊन हाक मारावी आणि आपण वळून बघावं तर तिथं आपलीच विटंबना चाललेली असावी, तसं काहीतरी.

तो चाचा आमच्याजवळ येऊन उभा राहिला. शेजारणीनं त्याला सांगितलं असावं. "खरी नर्स तू ना?" तो मला म्हणाला. "कुठल्या हॉस्पिटलात? मी उद्याच अपेंडिक्स काढायला येतो. पण एक अट. युनिफॉर्म असाच पाहिजे."

माझा नवरा हसला. मला वाटलं, संकोचानं हसला असेल, नव्या देशात असं हसावं लागतं. पण तो थांबला नाही. आपल्या इंग्लिशमध्ये, एकेक शब्द नीट जुळवून, तो म्हणाला, "तू नशीबवान ठरशील. घरी तर ती मला साधा थर्मामीटरसुद्धा लावत नाही."

चाचानं त्याच्या पाठीवर थाप मारली. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या नवऱ्याच्या विनोदावर कुणी अमेरिकन इतकं मोकळेपणी हसलं होतं. त्याचा चेहरा फुलला होता. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

मी ग्लास ठेवला आणि घरी निघून आले. आठही वाजले नसतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवला तेव्हा तोच म्हणाला, "अगं, गंमत होती. इथं सगळेच करतात. आपण हसलो नाही तर म्हणतील, यांना काही कळत नाही."

"मला कळतं," मी म्हटलं.

"काय कळतं?"

आणि मग मी जे तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं ते बोलून गेले. "अहो, मी चादर बदलायला वाकते ना, तेव्हा हात येतात. आठवड्यातून दोनदा तरी येतात. कधी कमरेवर, कधी आणखी कुठे. गेल्या मंगळवारी हर्नियाच्या पेशंटनं माझा हात धरून स्वतःच्या पांघरुणाखाली ओढला. चांगला शुद्धीवर होता. हसत होता. काल तो माणूस सोफ्यावर हसला ना, अगदी तसा."

चहा उतू गेला. तो उठला नाही, मीही उठले नाही.

"तू सांगितलं का नाहीस?"

"कुणाला? हेड नर्सला सांगितलं होतं, पहिल्या वर्षी. ती म्हणाली, पेशंट आहेत, औषधाच्या गुंगीत असतात, मनावर घेऊ नकोस."

"मला का नाही सांगितलंस?"

मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. काल रात्री त्यानं उत्तर दिलंच होतं. त्याचा चेहरा उतरला. मग "मी... मला..." एवढंच म्हणाला आणि ओटा पुसायला लागला. लग्नानंतर त्याला ओटा पुसताना मी पहिल्यांदा बघत होते. मला त्याची दया आली नाही. त्या दिवशी तरी नाही.

दुपारी शेजारीण आली. स्वेटर, साधी पँट, डोळे सुजलेले. हातात माझा युनिफॉर्म, धुऊन घडी घातलेला. "तू न सांगता गेलीस. मी कापला म्हणून रागावलीस ना? चूक झाली माझी. मी जुनाच मागितला होता, म्हणून मला वाटलं... मी नवीन आणून देते."

मी म्हटलं, "कापडाचं नाही." माझं इंग्लिश रागात तुटतं, तरी सांगितलं. "मी हे घालून लोकांच्या जखमा धुते. मरणाऱ्या माणसाजवळ बसते. तू ते घालून काय केलंस?"

ती पायरीवरच बसली. मला वाटलं होतं ती म्हणेल, गंमत होती. पण ती म्हणाली, "सोळा वर्षं झाली आमच्या लग्नाला. ते मोजे त्यानंच आणून दिले. काल संध्याकाळभर तो माझ्याकडे बघत होता. वर्षभर मी त्याला दिसतसुद्धा नाही."

मी उभीच राहिले. या बाईनं मला गाडी चालवायला शिकवलं होतं. महामार्गावर पहिल्यांदा घातली तेव्हा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली होती, घाबरू नकोस, सगळे तुला बघतायत, कुणी धडकणार नाही. तिच्याजवळ बसावं असं वाटलं, आणि बसवेनाही. शेवटी मी तिला चहा करून दिला. आम्ही दोघी तिच्या मुलांविषयी बोललो. युनिफॉर्म तिथंच पायरीवर पडून होता.

खरी हॅलोविन सोमवारी होती. आणि जे मी सांगायला बसले आहे ते सोमवारी घडलं. इथवरच्या गोष्टीत मी दुखावलेली आहे. इथवर सांगून थांबणं मला सोपं गेलं असतं.

आमच्या वॉर्डवर एकच पुरुष नर्स होता. तिशीचा, उंच, खांदे रुंद. व्हिएतनामच्या लढाईत जखमी सैनिकांची मलमपट्टी करायचा, परत आल्यावर नर्सिंग शिकला. बोलायचा कमी. अवघड शीर सापडेना की आम्ही त्यालाच बोलवायचो. त्याच्या हातून लहान मूलसुद्धा सुईला रडायचं नाही. माझी ड्रेसिंगची ट्रॉली रोज सकाळी तो आपणहून लावून ठेवायचा, कारण पहिल्या आठवड्यात मला इथल्या वस्तूंची नावं समजत नव्हती, आणि ती सवय पुढे राहिली.

दुपारी साडेतीनला ड्युटी संपली, संध्याकाळच्या पाळीला चार्ज दिला, आणि नर्सेसच्या खोलीत केक कापायचा होता. मी आत गेले तर बायकांनी त्याला मध्ये उभं केलेलं. लाल आखूड चड्डी, गळ्यात शिट्टी, बाकी उघडा. तलावावरचा लाइफगार्ड म्हणे. बायका दर वर्षी त्यालाच काही ना काही बनवायच्या, हे मला ठाऊक नव्हतं. आधीच्या दोन्ही वर्षी माझी रजा होती. आठ-नऊ बायका होत्या. एकीनं त्याच्या दंडाला चिमटा काढला. एक म्हणाली, "मी बुडतेय, मला तोंडानं श्वास दे." हेड नर्सनं पर्समधून लिपस्टिक काढली आणि त्याच्या छातीवर आपलं नाव लिहिलं. मग ती लिपस्टिक हातोहात फिरली.

तो हसत होता. हे मला स्वच्छ आठवतं. दात दिसत होते.

आणि मी हसले. पोट धरून हसले. शनिवारपासून छातीवर जो दगड होता तो हलल्यासारखा झाला. मनात म्हटलं, बसू दे एकदा पुरुषांनाही चटका, कळू दे. शिवाय त्या बायकांनी आजवर मला असं आपल्यात ओढलं नव्हतं. कुणीतरी माझ्या हातात लिपस्टिक दिली. "तूही लिही! तुझ्या भाषेत लिही! पाठ रिकामी आहे!"

त्यांनी त्याला फिरवलं. केवढी मोठी पाठ होती. डाव्या खांद्याखाली जुन्या जखमेचा पांढरा व्रण. मी क्षणभर विचार केला आणि त्या व्रणाच्या बाजूला, चांगल्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं: माल.

"म्हणजे काय? म्हणजे काय?" बायका ओरडल्या.

"हॅन्डसम," मी म्हटलं.

टाळ्या पडल्या. केक वाटला गेला.

मिरजेला आमच्या हॉस्टेलपासून वॉर्डापर्यंत दहा मिनिटांचा रस्ता होता. कोपऱ्यावर सायकलच्या दुकानापाशी पोरं उभी असायची. आम्ही पांढऱ्या साड्यांतल्या मुली खाली मान घालून जायचो, आणि ती पोरं तो एक शब्द म्हणायची. मोठ्यानं नाही, आम्हाला ऐकू जाईल एवढाच. एकदा माझ्या मैत्रिणीनं वळून विचारलं, "काय म्हणालास?" तर म्हणाला, "दुकानात माल आलाय का, विचारत होतो." सगळी पोरं फिसकन हसली. त्या रस्त्यानं मी तीन वर्षं गेले. आणि हा शब्द मला आठवावा लागला नाही. हातातून आपोआप उतरला.

घरी जायच्या आधी मी माझी वही घ्यायला सामानाच्या खोलीत गेले. तो तिथं सिंकपाशी उभा होता. स्पिरिटचे बोळे घेऊन छाती घासत होता. लिपस्टिक निघत नव्हती, कातडी लालभडक झाली होती. मला बघून त्यानं पटकन टॉवेल अंगावर ओढला. अगदी तसा, जसा मी पदर ओढला असता.

तो आता हसत नव्हता.

"पाठीपर्यंत हात पोचत नाही," तो म्हणाला. "जरा पुसून देशील?"

मी बोळा घेतला. पुसायला लागले. अक्षरं फिस्कटली, पण गेली नाहीत. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"काय लिहिलं होतंस?" त्यानं विचारलं. "खरं सांग. हॅन्डसम नसणार. फार छोटा शब्द आहे."

खोटं बोलता आलं असतं. माझ्या जिभेवर दोन-तीन शब्द आलेही. पण बोळा हातात होता आणि व्रण समोर होता.

"दुकानात विकायला ठेवलेली वस्तू," मी म्हटलं. "आमच्याकडे रस्त्यावरची पोरं मुलींना म्हणतात. मला म्हणायची."

तो वळला नाही. मी पुसत राहिले. तो म्हणाला, "अच्छा." मग म्हणाला, "निदान तू सांगितलंस."

"तू त्यांना 'नको' असं का म्हणत नाहीस?"

"पहिल्या वर्षी म्हटलं होतं. तर म्हणाल्या, पुरुष असून लाजतोस? मग आणखी काय काय म्हणाल्या. मला रोज यांच्याबरोबर काम करायचंय. एक दिवस असतो, काढतो."

"सॉरी," मी म्हटलं. त्यानं शर्ट चढवला, बटणं लावली, सगळ्यात वरचंसुद्धा. "उद्या सकाळी भेटू," म्हणाला आणि गेला.

गाडीत बसून मी किती वेळ चावी न फिरवता राहिले कोण जाणे. शनिवारचा धक्का दुसऱ्यांनी दिला होता. हा मी स्वतःला दिला होता, आणि तो पचवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. आजवर माझी समजूत होती की हा शब्द पुरुषांचा आहे. लिपस्टिक हातात आली तेव्हा तो माझाही निघाला.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. लिहिलेल्या शब्दासकट. कालच्या सकाळनंतर तो माझ्याशी जपून, पाऊल तपासत बोलत होता. तो म्हणेल, बघ, तूही केलंसच ना. मी तयारीत होते. तो म्हणाला, "कॉलेजात मीही तो शब्द वापरलाय. कट्ट्यावर बसून. खूपदा." आम्हाला एकमेकांकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ड्रेसिंगची ट्रॉली लावलेली नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही. मी स्वतः लावली. जवळजवळ महिन्यानं, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास, एक दिवस ती पुन्हा लावलेली दिसली.

पुढच्या ऑक्टोबरात बायकांची कुजबुज सुरू झाली, या वेळी त्याला काय करायचं. कुणी म्हणालं मल्ल, कुणी आणखी काही. मी हेड नर्सच्या खोलीत गेले. म्हटलं, "या वर्षी त्याला यातून सोडा."

तिनं चष्म्यावरून बघितलं. "त्यानं तुला सांगायला पाठवलं?"

"नाही."

"मग? त्यानं आजवर कधी तक्रार केली नाही."

"मी केली होती," मी म्हटलं. "पेशंटांची. तुम्ही म्हणालात मनावर घेऊ नकोस. त्यानंतर मीही केली नाही. हात अजून येतात."

तिनं पेन खाली ठेवलं. ती वाईट बाई नव्हती. पंचवीस वर्षं त्याच वॉर्डवर काढली होती, तिच्याही अंगावर हात आलेच असणार. पण ती "केक मात्र असेल," एवढंच म्हणाली.

केक होता. तो आपल्या युनिफॉर्ममध्ये येऊन एक तुकडा खाऊन गेला. कुणी शिट्टी मारली नाही. मी सांगितल्याचं बायकांना कळलंच होतं. त्यानंतर महिनाभर दुपारच्या जेवणाला माझ्या टेबलावर कुणी बसलं नाही. एकदा मागून ऐकूही आलं, हिला गंमत कळत नाही, तिकडच्या बायका अशाच असतात. मी माझा डबा उघडून जेवत राहिले.